दोन नंबरची

मी दोन नंबरची बोलतेय. हसू नका. माझ्यात काळंबेरं काही नाही. उलट डॉक्टरांच्या अख्ख्या भाषणात खरं बोलणारी मी एकटीच. पडद्यावर चित्रं दाखवत भाषण करतात ना, त्यातली मी दुसरी स्लाइड. पहिलीवर डॉक्टरांचं नाव आणि हसरा फोटो. तिसरीपासून एकाच कंपनीचे कृत्रिम गुडघेच गुडघे. मधे मी.

माझा जन्म एका नियमातून झाला. संशोधनावर बोलायचं असेल, तर त्यात आपले पैशाचे कुठे कुठे लागेबांधे आहेत ते डॉक्टरांनी आधी सांगायचं, असा नियम. ते सांगणं म्हणजे मी. टायपिस्ट बाईंनी मला चांगली ठसठशीत लिहिली होती. डॉक्टर मागून वाकले.

"अक्षरं बारीक करा."

"किती, सर?"

"मुंगीला चष्मा लागला पाहिजे. आणि रंग राखाडी, अगदी फिका."

"सर, मग दिसणार काय?"

"बाई, दाखवायची असं नियमात लिहिलंय. दिसली पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

हे वाक्य ऐकलं आणि मला पदर असता तर मी तिथल्या तिथे गाठ मारली असती.

मग सुरू झाली माझी वरात. या सभागृहातून त्या सभागृहात. डॉक्टर म्हणायचे, "आणि ही आपली नेहमीची," की अंगठा बटणावर, मी गायब! माझं आयुष्य शिंकेएवढं. एकदा खरंच कुणी शिंकलं, तेवढ्यात मी येऊन गेले; त्या बिचाऱ्याला आजही वाटतं, एकानंतर तीनच असतात. गुडघ्यांना टाळ्या आणि मला टांग. मी दात ओठ खात होते. म्हटलं, एक दिवस असा येईल, की तू बटण दाबशील आणि मी हलणार नाही.

तो दिवस डॉक्टर जिथे काम करतात त्याच रुग्णालयात उजाडला. यापुढे इथे येणाऱ्या प्रत्येक रोग्याला याच कंपनीचा गुडघा बसवायचा, यावर भाषणानंतर सगळे डॉक्टर हात वर करणार होते. पहिल्या रांगेत डॉक्टरांची मोठी बहीण बसलेली. तिचा उजवा गुडघा भावानेच बदलला होता, आणि डाव्याची पाळी सोमवारी.

मी नेहमीसारखी चमकून गेले. पाठोपाठ डॉक्टर म्हणाले, "माझ्या सख्ख्या बहिणीला हाच गुडघा बसवलाय. याहून मोठा पुरावा कोणता?" ताई उठल्या, जागच्या जागी एक गिरकी घेतली, हात जोडले. टाळ्या! बहिणीलाच साक्षीला उभी केली या माणसाने. तिला मात्र मला कुणी कधी नीट दाखवलंच नव्हतं. माझं डोकं फिरलं.

इतक्यात भूल देणारे डॉक्टर उठले. दुसऱ्यांना झोपवणं हा त्यांचा धंदा, स्वतः मात्र टक्क जागे.

"डॉक्टर, जरा मागे घ्या. मघाशी काहीतरी चमकलं. वीज होती की स्लाइड?"

"अहो, ती नेहमीची."

"नेहमीची आहे ना, मग एकदा बघू तरी द्या."

डॉक्टरांनी मागचं बटण दाबलं. मी आले, आणि पडद्याच्या चारही कोपऱ्यांत नखं रुतवून बसले. डॉक्टरांनी पुढचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. हातातलं बटण मांडीवर आपटलं, त्यात फुंकर मारली. मी ढिम्म.

"वायर काढा!" ते ओरडले.

"वायर काढली तर तुमचे गुडघेही जातील, सर," यंत्रावरचा माणूस म्हणाला.

मग डॉक्टरांनी आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. मला झाकायला ते स्वतःच पडद्यापुढे उभे राहिले. अंगात पांढराशुभ्र कोट, पुढे सुटलेलं पोट. माझी मुंगीएवढी अक्षरं त्या घुमटावर चढली आणि अशी फुगली, अशी फुगली, की शेवटच्या रांगेतल्यांनी चष्मे काढून ठेवले. खोटं वाटत असेल तर त्या कोटाला विचारा.

भूलवाले डॉक्टर वाचू लागले. "'या कंपनीत वक्त्याचे शेअर आहेत.' डॉक्टर, श्वास आत घ्या, ओळ वळणावर गेलीय. हां, सोडा. 'अभ्यासाचा सगळा खर्च याच कंपनीने केला.' आता जरा डावीकडे वळा."

आणि डॉक्टर वळले! रोग्यांना जन्मभर हेच सांगत आले, म्हणून असेल.

शेवटची ओळ ताईंनी स्वतः वाचली. "'विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गुडघ्यामागे वक्त्याला वाटा मिळतो.'" त्या भावाकडे वळल्या. "बाळ्या, प्रत्येक म्हणजे?"

"ताई, घरी बोलू."

"माझ्यासुद्धा?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. खाली पोटावर पुन्हा मीच.

कुणी हात वर केला नाही. रुग्णालयाच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "ज्यांचा यात वाटा नाही, ते आधी हा अभ्यास तपासतील. मग बघू." आता त्यांच्याच हुकमाने मी काळ्याभोर, टपोऱ्या अक्षरांत असते, आणि डॉक्टरांना मी मोठ्याने वाचावी लागते. शेवटच्या ओळीला ते पाण्याचा पेला शोधतात. मी मजेत बघत राहते. सूड म्हणा, सूडच आहे. माझ्या बहिणी गावोगाव अशाच चमकून जात असतात. कधी समोर बसलात तर तुम्हीही हात वर करून म्हणा, जरा मागे घ्या.

पण माझा सूड तो काय! खरा घेतला ताईंनी. त्या दिवशी सभागृह रिकामं झालं, दोघंच उरली, आणि पडद्यावर मी.

"ताई, गुडघा खरंच चांगला आहे गं."

"असेल रे. मी चालतेय की."

"मग?"

"गुडघा बिघडला तर तो दुखतो, मला कळतं. तू लपवलंस तर माझं काय दुखणार होतं? कळायचं कसं मला?"

डॉक्टरांनी हातातलं बटण खिशात घातलं. मग हळूच म्हणाले, "सोमवारी येऊ नको म्हणतेस?"

"ये ना. भाऊ म्हणून ये, फळं घेऊन ये. सुरी मात्र फळांपुरतीच आण. गुडघ्याला मी मघाशीच इथला दुसरा डॉक्टर बघितलाय."

तेव्हा कुठे मी पडदा सोडला.