भाड्याच्या घरातली फरशी

चारुलताच्या संसारात जमिनीला चिकटेल अशी एकही वस्तू नव्हती. पलंग नटबोल्टचे, कपाट लोखंडी, तुळससुद्धा तेलाच्या डब्यात. नवरा उमाकांत विमा कंपनीत अधिकारी, आणि दर तीन वर्षांनी वरच्या लोकांना आठवण व्हायची की हा माणूस एका जागी फार दिवस बसला आहे. मग दारात ट्रक यायचा. बावीस वर्षांत सात गावं झाली, आणि प्रत्येक गावात ती काहीतरी अर्धवट टाकून आली. इंदूरला गाण्याची परीक्षा, भोपाळला चांगली चाललेली बालवाडी, नागपूरला जिवाभावाची शेजारीण.

सगळ्या सामानात चार खोकी मात्र अशी होती की ती कुठेच उघडली गेली नव्हती. त्यांत विनाइलच्या टाइल्स होत्या, फूटभर लांबरुंद, चॉकलेटी, ऊन लागलं की रबरासारख्या वाकणाऱ्या, एरवी कडक. पुण्याच्या फ्लॅटसाठी उमाकांतनेच हौसेने घेतल्या होत्या. फ्लॅट अजून सोसायटीच्या कागदावरच होता आणि टाइल्स आठ वर्षं पलंगाखाली पडून होत्या. "पुण्याला लावू," असं तो म्हणायचा. तोवर बायकोने उखडलेल्या कोब्यावरून फडकं फिरवत राहायचं. जयपूरच्या शास्त्रीनगरातल्या या घराचा कोबा तर असा की फडक्याचे धागे त्यातच अडकून राहायचे.

त्या एप्रिलमध्ये एक गोष्ट घडली. चारुलता शिकवत होती त्या शाळेने तिला जुलैपासून कायम केलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी आयुष्यातलं पहिलं कायम. बुधवारी तिने पत्र नवऱ्याच्या हातात दिलं. त्याने ते वाचलं, "वा, छान," म्हणाला आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. मग पानाआडून म्हणाला, "जूनपर्यंत बदलीचं काय होतंय ते बघू."

हे 'बघू' तिने सात गावांत ऐकलं होतं. त्या दिवशी मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडली नाही ती. भांडून काय होतं ते तिला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तिने सिमेंट आणलं आणि बाहेरच्या खोलीतले सगळे खड्डे बुजवले. उमाकांतला वाटलं, घरमालकिणीला एकदाची जाग आली. बरं झालं, म्हणाला.

शनिवारी तो ऑफिसला गेला आणि हिने खोकी ओढून काढली. शाळेला परीक्षेनंतरची सुट्टी होती. हिवाळ्यात शाळेच्या ऑफिसात अशाच टाइल्स बसवल्या होत्या, तेव्हा चहाची सुट्टी सोडून ती कारागिराजवळ उभी राहिली होती आणि त्याला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं होतं. ते आता कामी आलं. गेरूत बुडवलेली सुतळी ताणून तिने खोलीच्या मधोमध फुली आखली, कारण भिंतीकडून सुरुवात केली तर शेवटची ओळ हमखास तिरकी जाते. टाइल्स अंगणात पसरल्या. जयपूरच्या उन्हात त्या दहा मिनिटांत पापडाच्या लाटीसारख्या मऊ झाल्या. चांभार तळव्याला लावतो तसलं सोल्यूशन जमिनीला फासायचं, टाइलच्या पाठीला फासायचं, बोटाला चिकटेनासं झालं की टाइल टेकवायची आणि लाटण्याने दाबायची. एकदा टेकली की टेकली, सरकवायची सोय नाही.

दुपारी घरमालकीण पार्वतीजी वरून उतरल्या. दारातच थबकल्या.

"मिस्त्री कहाँ है, बहनजी?"

"मैं ही हूँ."

पार्वतीजींनी तिचे गेरूने माखलेले गुडघे पाहिले, खोचलेला पदर पाहिला. "पर तबादला हो गया तो? टाइल तो यहीं रह जाएगी."

"तो रह जाएगी," चारुलता म्हणाली आणि पुढची टाइल उचलली. पार्वतीजी वर गेल्या आणि थोड्या वेळाने ताकाचा तांब्या ठेवून गेल्या.

ट्रकांतून फिरून टाइल्सच्या कडा झिजल्या होत्या. एकमेकींना भिडवल्या की वाकड्या फटी दिसत. म्हणून तिने प्रत्येक दोन टाइल्समध्ये आगपेटीच्या काड्या ठेवून मुद्दामच सारखी, सरळ फट सोडली होती. चार वाजता काड्या काढल्या, पांढऱ्या सिमेंटमध्ये गोंद कालवून त्या फटी भरायला घेतल्या. पत्र्याच्या तुकड्याने दाबून भरायचं, ओल्या फडक्याने पुसायचं. कंबर मोडून आली होती, पण इतकी खूश ती कितीतरी वर्षांत झाली नव्हती.

सहाला उमाकांत आला. दारातच उभा राहिला, कारण पुढे पाय टाकायला जागाच नव्हती. त्याने खिशातून कागद काढला.

"हे काय केलंस, चारू? ऑर्डर आलीय. गुवाहाटी. बढती आहे. पंधरा जूनला हजर व्हायचंय."

ती शेवटची ओळ पुसत होती. पुसत राहिली.

"अजून ओलं असेल," तो घाईने म्हणाला. "निदान अर्ध्या तरी वाचतील." उकिडवा बसून त्याने दाराजवळच्या टाइलखाली किल्ली घातली आणि जोर लावला. कोपरा कट्कन तुटून हातात आला. टाइल जागची हलली नाही.

"निघत नाही गं."

"निघू नये म्हणूनच चिकटवलीय."

"म्हणजे? तू येणार नाहीस?"

"नाही."

"लोक काय म्हणतील?"

"लोक सातही गावांत होते. बाई, तू मागे काय टाकून आलीस, असं एकानेही विचारलं नाही. तुम्हीही नाही विचारलंत." तिचा आवाज चढला नव्हता. "बढती तुमची आहे, घ्या. नको असेल तर तसं कळवा. माझं सामान मात्र आता ट्रकात चढणार नाही."

उमाकांत हातातल्या तुकड्याकडे बघत राहिला. चारुलताने गोंद कालवलेल्या सिमेंटची वाटी आणि पत्रा त्याच्यापुढे सरकवला.

"तोडलात तुम्ही, भरा तुम्ही."

तो बॅग बाजूला ठेवून उंबऱ्याबाहेर बसला. तुकडा जागेवर ठेवला, अंगठ्याने सिमेंट दाबलं, जास्तीचं झालं ते रुमालाने पुसलं. त्याला जमत नव्हतं, पण उठला नाही. मान वर न करताच त्याने विचारलं, "आणि मी गेलो गुवाहाटीला, तर?"

"तर सुट्टीत घरी या," ती म्हणाली. "पत्ता आता बदलणार नाही."