आईच्या नावावर चार खोल्या

"आईसाठी माझ्याइतक्या खोल्या बांधलेला माणूस या गावात दाखवा, माझी सगळी कबुतरं देऊन टाकतो!"

असं म्हणत फिर्मिननं तपासणीला आलेल्या पालिकेच्या साहेबांपुढं हात पसरले. हात लागून पन्हळ निसटली. कुजका पाला, पाणी आणि एक मेलेली चिमणी साहेबांच्या कागदांवर.

आमच्या बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये म्हातारं माणूस सांभाळायचं म्हटलं की घर वाढवायला परवानगी चटकन मिळते. नियम चांगला आहे. फिर्मिननं तो चार वेळा वापरला. पुढं वडिलांनी बांधलेलं लाल विटांचं नेटकं घर. त्याला मागून पिवळ्या विटांची खोली, तिला पांढऱ्या प्लॅस्टिकची, तिला काळ्या फरशांची, आणि शेवटी राखाडी ठोकळ्यांची, पत्रा घातलेली. प्रत्येकीची जमीन वेगळ्या उंचीवर. लांबून बघितलं तर वाटायचं, पाच घरांची टक्कर झालीय.

प्रत्येक खोलीत त्याची आई, एलोडीबाई, राहिल्या. भिंती सुकेपर्यंत. मग पिवळीत टीव्ही आला, पांढरीत व्यायामाची सायकल, काळीत शर्यतीची कबुतरं.

"आई, मागं अजून शांत आहे," फिर्मिन दरवेळी म्हणायचा.

"शांत कशाला हवंय रे मला? बेकरीसमोरची रांग दिसायला हवी. कोण मेलं, कोण जाड झालं, कळतं तरी."

"जाड माणूस बघायचं तर मी आहे की," म्हणत सून मार्लीन त्यांची उशी उचलून मागच्या खोलीकडं चालू लागायची.

आता राखाडी खोलीच्या खिडकीतून फक्त कबुतरांची जाळी दिसायची. रोज सकाळी इंजेक्शन द्यायला येणारी नर्स अन्नेके हट्टाला पेटली, तेव्हा पलंगाशी बेल बसली.

"दाबली की आम्ही हजर!" फिर्मिन कागद पुसणाऱ्या साहेबांना सांगत होता. साहेब बघायला निघाले, काळ्या खोलीच्या दाराला त्यांचं कपाळ आपटलं, तिथूनच परत फिरून त्यांनी 'समाधानकारक' असं लिहिलं.

पुढच्या आठवड्यात पत्र्याला पट्टी ठोकताना ड्रिलखाली कसलीशी वायर तुटली. फिर्मिननं घरातले सगळे दिवे लावून बघितले. सगळे लागले. त्यानं भोक बुजवलं.

एप्रिलमधल्या एका रविवारी मोठी सायकल शर्यत होती. टीव्हीसमोर पाहुणे दाटीवाटीनं बसलेले. मार्लीन आईंचं सूप न्यायला उठली, पण शेवटचे दहा किलोमीटर राहिले होते, म्हणून बसली. मग राहूनच गेलं.

"बेल नाही वाजली ना? झोपली असेल," फिर्मिन म्हणाला.

सोमवारी सकाळी अन्नेकेला एलोडीबाई पलंगावरून खाली पडलेल्या सापडल्या. बेलचं बटण मुठीत होतं.

"आजी! कधीपासून?"

"कालपासून दाबतेय गं. पाहुणे आहेत ना. म्हटलं, शर्यत संपली की येतील."

स्ट्रेचर पायऱ्यांवर अडलं, वळणावर अडलं. शेवटी अग्निशमनवाल्यांनी राखाडी भिंत फोडली आणि शेजाऱ्याच्या बटाट्यांच्या वाफ्यांतून एलोडीबाईंना रस्त्यावर आणलं. सहा वर्षांनी बेकरी समोर आली. सोमवार होता. बेकरी बंद होती.

तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

अंत्यविधीनंतरच्या कॉफीला फिर्मिन प्रत्येकाला सांगत होता, "बेल दिली होती हो. बिचारीनं दाबलीच नाही."

अन्नेकेनं कप खाली ठेवला. "दाबली होती. मला सांगितलं त्यांनी."

"म्हाताऱ्या माणसाचं काय ऐकता, सिस्टर!"

"कुणीतरी ऐकायला हवं होतं. गावात आईबापाच्या नावावर वाढलेली एकतीस घरं आहेत, फिर्मिन. उद्यापासून प्रत्येक घरात मी शेवटच्या खोलीपर्यंत जाणार. पालिकेच्या साहेबांनाही नेणार, डोक्यावर हेल्मेट घालून."

मार्लीननं टार्टचा तुकडा पुढं केला. तो अन्नेकेनं घेतला नाही.

फिर्मिननं भिंतीचं भगदाड लगेच बुजवलं, या वेळी गुलाबी विटांनी. शनिवारी दुपारी कबुतरांच्या नव्या फळ्यांचं माप घ्यायला तो आईच्या खोलीत शिरला. ओल्या भिंतीच्या भारानं चौकट कलली आणि मागं दार घट्ट बसलं. त्यानं धक्के दिले, हाका मारल्या. मार्लीन पुढं टीव्ही बघत होती. कबुतरं तेवढी घुमली.

मग त्याला बेल आठवली. त्यानं बटण दाबलं आणि आईच्या पलंगावर बसून वाट बघू लागला.

पाच वाजता त्यानं ते पुन्हा दाबलं.