खुणेमागची ओळ

मी एक यादी बोलतेय. वाण्याची नव्हे हो. जावा बेटावरच्या सालातिगा गावात सुगेंगचं झेरॉक्सचं दुकान आहे ना, तिथल्या कॉम्प्युटरच्या पोटातली. इंटरनेटवरच्या कुठल्याही नावाचा पत्ता हवा असला की कॉम्प्युटर बाहेर चौकशी करण्याआधी मला विचारतो. विचारलं तरच बोलायचं, हा माझा जन्माचा स्वभाव.

कित्येक वर्षं माझ्यात दोनच ओळी होत्या. मग एकदा शाळेच्या एंदांगबाई प्रश्नपत्रिका छापायला आल्या आणि पडद्यावर जुगाराची जाहिरात नाचायला लागली.

"काय हो पाक सुगेंग, दुकान झेरॉक्सचं आहे की जुगाराचा अड्डा?"

आमच्याकडे मोठ्या पुरुषाला पाक म्हणतात, बापालाही. सुगेंग ओशाळला. त्याच दुपारी त्याने मला उघडून जाहिरातवाल्यांची नावं लिहिली आणि प्रत्येकासमोर पत्ता टाकला: शून्य. कॉम्प्युटरने विचारलं की मी शून्य सांगायची, जाहिरात उंबऱ्याबाहेरच राहायची. पण पुढे त्याला घाई झाली. कुणीतरी तयार ठेवलेली हजारो नावं त्याने न वाचताच माझ्यात ओतली. मीही मिरवले, खोटं कशाला बोलू.

त्यांत एक नाव जाहिरातीचं नव्हतंच. ईमेलमधली लिंक दाबली की किती जणांनी दाबली ते मोजायला आधी त्याच्याकडे जाते, मग पुढे.

सुगेंगची लेक लारास. नर्सिंगच्या शिष्यवृत्तीला तिची निवड झाली. ईमेल आला: शुक्रवारी पाचच्या आत इथे दाबून होकार कळवा. तिचा फोन दुरुस्तीला, म्हणून तिने दुकानातच दाबलं. त्याच नावाचा पत्ता मला विचारला गेला. मी शून्य सांगितलं.

"पाक, पान उघडत नाहीये!"

"गर्दी असेल गं न्दुक, पोरी. अख्खा जावा तेच बटण दाबत असेल. टेंपेच्या वड्या खा गरम गरम, मग बघ."

तीन दिवस ती दाबत होती. तीन दिवस मी शून्यच सांगत होते.

शनिवारी मैत्रिणीच्या फोनवर पान झटक्यात उघडलं. मुदत संपली होती. पुढच्या वर्षी तिचं वय बसेना.

सुगेंगने मला उघडलं. बोट लावून नाव शोधलं, त्याच्यापुढे जाळीसारखी # खूण केली. खूण केलेलं काही कॉम्प्युटर वाचत नाही. मग त्या खुणेमागे त्याने आणखी थोडं लिहिलं.

"त्यांच्याकडचाच बिघाड होता ना, पाक?" लारासने विचारलं.

"हो. त्यांच्याकडचाच."

आता दुकान तीच बघते. दुसऱ्यांच्या लेकींच्या प्रमाणपत्रांच्या प्रती काढते. सुगेंग बाहेर बाकावर बसतो, आत डोकावत नाही.

लारास, बाई, एकदा मला उघड. खुणेमागे तुझ्या बापाने लिहिलंय: 'बिघाड त्यांचा नव्हता, न्दुक. माझा होता.'