खड्याला नाव ठाऊक नसतं

सुफियान झोळीत झोपला की दुपारचा तासभर माझा. पण फेब्रुवारीतल्या त्या दुपारी पाहते तर हुदा, माझी सहा वर्षांची लेक, उशी बगलेत मारून पार पडवीच्या टोकाला जाऊन बसलेली. भावापासून जमेल तितकी लांब.

"अगं, उन्हात काय बसलीस?"

"इथंच बसणार. दगड माझ्यावर पडू दे. सुफीवर नको."

अवकाशातल्या त्या दगडाची बातमी तेव्हा साऱ्या खालापुरात मोबाइलवरून फिरत होती. २०३२ साली पृथ्वीवर आदळू शकेल, शक्यता शंभरात तीन. त्यात नानीने, म्हणजे माझ्या आईने, तिला सांगून ठेवलेलं की तुटणारे तारे म्हणजे शैतानाला मारलेले दगड. लहानपणी मलाही तिनंच सांगितलं होतं.

"मी सुफीला चिमटा काढलेला," हुदा पुटपुटली. "आणि तुला म्हटलं, मच्छर चावला."

हसू आलं. काही होत नाही गं, म्हणून मोकळं होता आलं असतं. पण पोर खोटं बोलल्यामुळेच तर घाबरली होती.

मला अब्बा आठवले. चौक गावात जुन्या हायवेवर त्यांचं गाड्यांच्या काचांचं दुकान होतं. पुढच्या टेंपोच्या टायरखालून खडा उडायचा आणि मागच्या गाडीच्या काचेवर बसायचा. काचेवर उमटलेल्या ताऱ्यासारख्या तड्याला अब्बा चांदणी म्हणायचे. "शकूरभाई, पडली बघा चांदणी," म्हणत ड्रायव्हर दुकानात शिरायचे. अब्बा एक डोळा बारीक करून तिच्यात थेंब थेंब औषध भरायचे, काचेला ऊन दाखवायचे, आणि चांदणी हळूहळू विझायची.

मी बारा वर्षांची असताना अशीच आवई उठली होती, एक ग्रह येऊन आपटणार म्हणून. वर्गातल्या संध्याचा कंपास मी लपवलेला. शाळेतून थेट दुकानात गेले आणि भोकाड पसरलं.

अब्बांनी हातातलं काम थांबवलं नाही. "तस्लीम, या रस्त्यानं रोज गाड्या किती जातात?"

"खूप."

"आन् माझ्याकडं काच घेऊन किती येतात?"

"दोन. कधी तीन."

"मग खडा काय त्यांचा पत्ता विचारत आला व्हता? खड्याला कुणाचं नाव ठाऊक नसतं गं. कंपास तेवढा देऊन ये. त्याचा आन् ग्रहाचा काय संबंध नाय."

आणि सायकलवर डबलसीट बसवून संध्याच्या दारापर्यंत स्वतःच सोडलं.

अब्बांना जाऊन तीन वर्षं झाली. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. एसटी चौकला आली की मान अजूनही तिकडेच वळते.

हे सगळं मी हुदाला सांगितलं.

"मग आपल्याला लागेल का नाही?"

"शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा नाही."

"आणि तीन वेळा?"

"ते मला माहीत नाही. पण लागलाच तर तुझ्या चिमट्यामुळे नाही."

"मग चिमट्याचं काय?"

"ते सुफीला विचार."

ती झोळीत वाकून काहीतरी कुजबुजली. त्यानं झोपेतच तिची वेणी मुठीत धरली. सुटेपर्यंत ती तशीच वाकून उभी राहिली, मग उशी ओढत झोळीखाली आणली.

चार-पाच दिवसांनी बातमी आली की शक्यता जवळजवळ संपली. मी मोबाइल घेऊन धावतच पडवीत आले.

"हुदा, ऐक ना..."

"अम्मी, हळू! आत्ता झोपलाय तो."