डाव्या हातातली ऊर्जा

वायरमनचा स्वभाव असा, की घरात दूध आलं की आधी त्याचा वास घ्यायचा आणि मग दूधवाल्याकडे रोखून बघायचं. पस्तीस वर्षं त्याने लोकांच्या घरांत वायरिंग केलं. "मेन बंद केलाय" या शब्दांवर विसंबून दोनदा झटका खाल्ला. तेव्हापासून कुणी काहीही म्हणो, हा आधी टेस्टर लावून बघणार. निवृत्त झाला तरी टेस्टर शर्टाच्या खिशातच राहिला.

अशा माणसाच्या बायकोने ताई-ची या संथ चिनी व्यायामाच्या वर्गाला जावं आणि तिसऱ्या आठवड्यात घरी येऊन सांगावं, "अहो, माझ्या डाव्या हातातून करंट जातो!" मग काय, झालंच की.

"करंट काय असतो ते तू मला सांगणार?" वायरमनने पेपर खाली ठेवला.

"तो नव्हे हो. आतली ऊर्जा. सगळ्यांना जाणवते, पण माझ्याइतकी कुणालाच नाही. आज टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी माझ्यासाठी!"

मुलीच्या लग्नानंतर ती इतकी खूश कधी दिसली नव्हती. वायरमनला त्या खुशीचाच संशय आला. आज ऊर्जा, उद्या तेलाची बाटली, परवा औषधं बंद करा म्हणतील. पाणी कुठेतरी मुरतंय, एवढं नक्की.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोही गेला. वर्ग एका लॉन्ड्रीच्या वरच्या हॉलमध्ये भरायचा. वायरमनच्या डोक्यात लगेच दिवा पेटला: खाली इस्त्र्या तापत असणार, फरशी गरम होत असणार, आणि हे भोळे लोक त्याला ऊर्जा म्हणत असणार! सगळ्यांदेखत तो गुडघ्यांवर बसला आणि फरशीला पालथा हात लावला. फरशी गारठलेली होती. लॉन्ड्री दहाशिवाय उघडतच नव्हती.

"काही हरवलंय का?" शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, बारीक चणीच्या, शांत आवाजाच्या बाई.

"लोकांची अक्कल हरवलीय, ती तुमच्याकडे परत मागायला आलोय," वायरमन म्हणाला. "फसवणूक आहे ही सगळी."

बायकोने लाजेने मान खाली घातली. बाई मात्र म्हणाल्या, "या की. उभे राहून तर बघा."

उभा राहिला. गुडघे जरा वाकवायचे, खांदे सोडायचे, पाण्याचं मोठं पिंप कवेत धरल्यासारखे हात धरायचे आणि काही करायचं नाही. दोन मिनिटांत मांड्या थरथरायला लागल्या. मग श्वास आपोआप पोटापर्यंत उतरला, जांभया आल्या, तोंडात लाळ जमली. मग तळहात तापले. बोटं सुजल्यासारखी जड झाली. बाईंनी तळहात हळूहळू एकमेकांजवळ आणायला सांगितले, तर मधे काहीतरी मऊ दाबलं जातंय असं वाटलं! वायरमनने चोरून बघितलं. मधे काहीच नव्हतं.

छे, रक्त उतरलं असेल हातात, त्याने स्वतःला बजावलं. पण बरं वाटत होतं हे खरं, आणि त्याचाच त्याला राग आला.

शेवटी जो तो आपापला अनुभव सांगायला लागला. गणिताचे मास्तर म्हणाले, दोन्ही तळहात गरम. ट्रकवाला म्हणाला, दोन्ही हात आणि तळपायसुद्धा. हात झटकले की दोघांचाही तो गरमपणा जायचा. वायरमनचंही तसंच झालं होतं.

मग बायकोचं एकाच हातात कसं?

अख्ख्या घरात दिवे नीट जळतात आणि एकाच खोलीतला मिणमिणतो, तेव्हा दोष त्या खोलीच्याच वायरीत असतो. हे त्याने शेकडो घरांत बघितलं होतं. घरी त्याने बायकोवर पाळत ठेवली. ती ब्लाऊजची बटणं एका हाताने लावत होती. दुपारी तिच्या डाव्या हातातून कप सुटला.

"चल, डॉक्टरकडे जाऊ," तो म्हणाला.

"झालं सुरू! दूधवाल्यावर संशय, मीटरवर संशय, जावयावर संशय, आता माझ्या हातावर?"

मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, "बाबा, आईला एक तरी गोष्ट सुखाने करू द्या ना!"

लांडगा आला रे आला म्हणून आयुष्यभर ओरडलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? आता लांडगा खरोखरच दारात होता.

दुसऱ्या सकाळी तो बायकोच्या आधीच हॉलवर पोचला. ज्या बाईंना काल चारचौघांत फसव्या ठरवलं, त्यांच्यापुढे हात जोडले. "माझं चुकलं, बाई. तिच्या एकाच हातात होतंय. दिवसभर. कप सुटतो. ही तुमची ऊर्जा आहे का, तेवढं खरं सांगा."

बाईंचा चेहरा उतरला. "दिवसभर? मला ती हे बोलली नाही. नाही हो, ही ऊर्जा नव्हे."

बायको आली तेव्हा बाईंनी आपली बोटं पुढे केली आणि तिला दोन्ही हातांनी ती दाबायला सांगितली. उजवीकडे कळ येईल इतकं दाबलं गेलं, डावीकडे जेमतेम स्पर्श झाला. "आज वर्ग नाही," बाई म्हणाल्या. "आधी दवाखाना." बायको निमूटपणे जिना उतरली. वायरमनला त्याचंच नवल वाटलं.

दवाखान्याच्या बाकावर दोघं नंबराची वाट बघत बसले. मग तीच म्हणाली, "मला ठाऊक होतं. वर्ग सुरू करायच्या आधीपासून मुंग्या येत होत्या. रात्री झोप लागायची नाही. तिथे लोक त्याला ऊर्जा म्हणाले, टाळ्या वाजवल्या. तेवढे दिवस मला भीती वाटली नाही हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आधी विचारलं असतंत, खरंच येतात का म्हणून."

वायरमनने नेमकं तेच विचारलं असतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंबर पुकारला गेला. आत डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि सवयीने वायरमनलाच विचारलं, "यांना कधीपासून होतंय हे?"

"तिलाच विचारा," तो म्हणाला. "ती सांगेल ते खरं."