हात फादरांचे, चेहरा मावशीचा

"हे वाक्य पुन्हा वाचा, फादर," मावशी म्हणाली.

चर्चमागच्या खोलीत नवे फादर प्रवचनाचा कागद घेऊन उभे होते. बहिऱ्या माणसांना खुणांच्या भाषेत सांगायला उभं राहण्याआधी प्रवचन एकदा ऐकून घ्यायचं, हा मावशीचा शिरस्ताच होता.

"देवाला वेदना होत नाहीत."

"आज? त्या शिंप्यापुढं? नऊ वर्षांची पोर पुरायचीय त्याला."

"म्हणूनच, मावशी. क्रुसावर ख्रिस्तानं सोसलं ते माणूस म्हणून. देव म्हणून त्याला दुःख शिवत नाही. बुडणाऱ्याबरोबर बुडणारा काय कामाचा? काठावर पाय रोवून उभा असतो, तोच हात देतो."

बोलणं काही खुळचट नव्हतं. मावशीला पटलं मात्र नाही. पण पटो न पटो, सांगणं हे तिचं काम. तिचे आई-बाप दोघंही बहिरे. बोलायच्या आधी ती खुणा शिकली. एकतीस वर्षं कोर्टात, दवाखान्यात, लग्नाच्या बोलणीत उभी राहिली, पण कुणाच्या शब्दाला तिखटमीठ लावलं नाही. एकदा एका सासूचा टोमणा जरा मऊ करून सांगा म्हणून नवरीकडच्यांनी हातापाया पडून विनवलं, तर हिनं तो जसाच्या तसा पोचवला. लग्न मोडता मोडता राहिलं. या सगळ्याचा तिला भारी अभिमान होता, आणि का नसावा?

शिंपी पहिल्या बाकावर बसला होता, स्वतः शिवलेल्या काळ्या कोटात. शेजारी बायको, तीही बहिरी. पोरीला तेवढं ऐकू यायचं; दुकानात बापाचे कान तीच. दर शनिवारी नवीन खुणा शिकायला यायची. "मावशी, 'चुण्या' कशा दाखवायच्या गं?" मावशीला तिच्यात आपलंच लहानपण दिसायचं.

फादर त्या वाक्याशी आले. मावशीचे हात चोख चालले: देव, वेदना, नाही. पण खुणांत चेहराही बोलतो, आणि तो शांत ठेवायला हवा होता. तिचे ओठ थरथरले, डोळे भरून आले.

शिंप्यानं हात वर करून काही खुणा केल्या. बहिरा माणूस म्हणेल ते सगळ्यांना मोठ्यानं सांगायचं, हाही मावशीचाच नियम. तिनं सांगितलं, "हात म्हणतात, होत नाहीत. चेहरा म्हणतो, होतात. खरं कुठलं?"

फादर गोंधळून तिच्याकडे बघू लागले.

"प्रश्न तुम्हाला नाही, फादर, मला आहे. चूक माझी. हात तुमचे होते, चेहरा माझा."

एकतीस वर्षांत असं म्हणायची पाळी तिच्यावर आली नव्हती. मान मात्र तिनं खाली घातली नाही. चेहरा पुसला, ताठ उभी राहिली आणि तेच वाक्य पुन्हा सांगितलं, या वेळी फादरांच्या चेहऱ्यानं.

शिंप्यानं नीट पाहिलं. मग त्याचे हात हलले. सांगताना मावशीचा आवाज फाटला, पण शब्द एकही गळला नाही.

"फादरांचं म्हणणं कळलं. पण माझी पोर आता देवाकडे आहे. तिच्याकडे बघताना त्याचा चेहरा मावशीच्या मघाच्या चेहऱ्यासारखा असू दे."

फादरांनी कागद पुन्हा वर धरला.

"पुढं वाचतो," ते हळूच म्हणाले. "चेहऱ्याचं तुम्ही बघा, मावशी."

मावशीचे हात पुन्हा चालू लागले, शब्दाला शब्द. डोळे वाहत होते, हनुवटीवरून थेंब गळत होते. पण दोन्ही हात कामात होते, त्यामुळे तिनं ते पुसले नाहीत.