चोरलेल्या चित्रपटाचा सत्कार

मित्रांनो, मी प्रोजेक्टर आहे आणि आता जुना झालो आहे. बेंगळुरातल्या चामराजपेटेत आमच्या मराठी समाजाचे एक छोटे सभागृह आहे. तिथे भांड्यांच्या कपाटावर, एका निळ्या पिशवीत माझा मुक्काम असतो. आपली गोष्ट सांगायची म्हणजे मोठेपणा सांगायचा, असे मला पूर्वी वाटत असे. थोडा मोठेपणा माझ्याकडेही आहे, तो आधी सांगून टाकतो. त्यानंतर जे सांगायचे आहे, ते सांगताना मान वर राहत नाही.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, ते पोटाखालच्या पट्टीवर लिहिले होते. ती अक्षरे आता पुसली आहेत. सुरुवातीची वर्षे मी मल्लेश्वरममधल्या एका कॉलेजात काढली. तिथे मुले माझ्या उजेडात झोपत. कॉलेजने नवी यंत्रे घेतली तेव्हा खंडोजी अण्णांनी मला इथे आणले. खंडोजी अण्णा समाजाचे अध्यक्ष. चिकपेटेत त्यांचे साड्यांचे घाऊक दुकान आहे. ते भाव करून वस्तू घेतात आणि घेतली की तिला जपतात. आयुधपूजेला ते मला झेंडूची माळ घालत आणि भिंगाला लागणार नाही अशा बेताने कुंकू लावत.

इथे मला मान होता. वधूवर मेळाव्यात मुलामुलींचे फोटो मी दाखवत असे. गेलेल्या माणसांच्या शोकसभेत त्यांचा हसरा चेहरा भिंतीवर मीच आणत असे. क्रिकेटचा अंतिम सामना असला की सभागृहात पाय ठेवायला जागा नसे. विजा कडाडून वीज गेली तर लोक माझ्याकडेच रागाने बघत.

आमच्या माणसांची एक गोष्ट सांगायला हवी. ही मराठी घरे शहाजीराजांच्या काळापासून बेंगळुरात आहेत. त्यांची मराठी घरात आणि या सभागृहातच बोलली जाते. तिच्यात कन्नड शब्द मुरलेले आहेत. पुण्याहून नोकरीसाठी आलेले लोक ती ऐकून हसतात. मग आमची माणसे त्यांच्याशी हिंदीत बोलू लागतात. म्हणून श्रीहर्षने याच मराठीत चित्रपट काढला, तेव्हा सभागृहात पेढे वाटले गेले.

श्रीहर्ष इथल्याच पद्मावती अक्कांचा मुलगा. चित्रपटाचे नाव ‘स्वल्प थांब’, म्हणजे जरा थांब. त्यासाठी त्याने चार वर्षे घालवली. कुणाच्या घरात, कुणाच्या गच्चीवर, अण्णांच्या दुकानातसुद्धा त्याचे चित्रीकरण झाले. तो आमंत्रण द्यायला आला तेव्हा बोलता बोलता म्हणाला की तो आणि त्याचे निर्माते कोर्टात गेले होते. चित्रपट शुक्रवारी लागतो आणि शनिवारी चोरून फोनवर येतो. म्हणून चोरीच्या वेबसाइट बंद करा, असा हुकूम कोर्टाने इंटरनेट कंपन्यांना दिला होता. कुणीतरी विचारले, आपल्या एवढ्याशा पिच्चरला कोण चोरणार? सगळे हसले. श्रीहर्षही हसला.

चित्रपट मल्लेश्वरमच्या एका थिएटरात लागला, फक्त सकाळच्या खेळाला. थिएटरच्या मालकाने सांगितले होते की दुसऱ्या रविवारी खुर्च्या भरल्या तर तिसरा आठवडा मिळेल. मग बेळगाव आणि धारवाडच्या थिएटरांचेही बघता येईल. नाही भरल्या, तर शुक्रवारी नवा चित्रपट लागेल. लग्नसराई होती, त्यामुळे पहिल्या आठवड्यात आमच्यातले फार थोडे लोक गेले होते. बाकीच्यांनी त्या रविवारी मिळून जायचे ठरवले होते. श्रीहर्षची सगळी भिस्त त्यांच्यावर होती.

रविवारच्या आदल्या दिवशी चंपाषष्ठी होती. खंडोबाची आरती आणि जेवण झाले की सभागृहात काहीतरी कार्यक्रम ठेवायची आमची रीत आहे. त्या वर्षी श्रीहर्षचा सत्कार ठरला. म्हैसुरी पेटा म्हणजे पगडी, शाल, नारळ. अण्णांना एवढ्याने बरे वाटेना. ज्या बायकांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, त्या मल्लेश्वरमला कशा जाणार? त्यांनी आपली भाषा पडद्यावर कधी ऐकायची? त्यापेक्षा सत्कार झाला की इथेच त्याचा पिच्चर दाखवू, म्हणजे हर्षालाही कळेल की त्याची माणसे त्याला किती मानतात.

त्याला विचारून घ्या, असे समितीतल्या एकाने सुचवले. अण्णांना ते पटले नाही. विचारले तर त्यातली गंमत काय उरली? आणि घरच्या मुलाला विचारायचे कसले, असे ते म्हणाले.

समाजाचा सचिव यशोवर्धन संगणक कंपनीत मोठ्या पदावर आहे. शुक्रवारी संध्याकाळी त्याने आपला लॅपटॉप मला जोडला आणि एक वेबसाइट उघडली. चित्रपटाऐवजी पांढरे पान आले. न्यायालयाच्या आदेशानुसार ही वेबसाइट बंद करण्यात आली आहे, असे त्यावर इंग्रजीत लिहिले होते. मी ते वाक्य भिंतभर मोठे केले. माझे कामच ते. अण्णांनी चष्मा लावून ते सावकाश वाचले.

“कोर्टाचं आहे म्हणतंय रे. नको मग.”

“अण्णा, हे धंदा करणाऱ्यांसाठी असतं,” यशोवर्धन म्हणाला. “आपण काय तिकीट लावतोय का? आणि बंद म्हणजे नुसती पाटी काढलीय. दुकान पलीकडच्या गल्लीत चालूच असतं.”

त्याने त्याच नावापुढे एक आकडा जोडला. तेच दुकान दुसऱ्या नावाने उघडले आणि त्यात ‘स्वल्प थांब’ होता. अण्णांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“सरी, ठीक आहे,” ते म्हणाले. “उद्या आवाज तेवढा मोठा ठेव.”

मित्रांनो, माझ्या अंगात हजार दिव्यांचा उजेड आहे, पण आलेले चित्र थोपवून धरायला एक पापणीही नाही.

शनिवारी सभागृह भरले. श्रीहर्षला पेटा बांधला, शाल घातली. पद्मावती अक्का पहिल्या रांगेत होत्या, नवे इरकल नेसून. अण्णांनी भाषण छोटे केले आणि हर्षा, तुला एक भेट आहे, असे म्हणून दिवे घालवायला सांगितले.

भिंतीवर चित्र आले तेव्हा टाळ्या पडल्या. मग त्या विरळ झाल्या, कारण चित्र वाकडे होते. कुणीतरी थिएटरात बसून फोनवर ते चोरून टिपले होते. समोरच्या रांगेतले एक डोके कोपऱ्यात सारखे हलत होते. खालून जुगाराच्या ॲपची लाल पट्टी सरकत होती. संवाद विहिरीतून यावेत तसे येत होते. तरी आमची माणसे हसली. आपला रस्ता, आपली गच्ची, आपले बोलणे भिंतीवर बघून बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. अण्णांचे दुकान आले तेव्हा मागून कुणीतरी म्हणाले, “अण्णा, पिच्चरमध्ये तरी भाव कमी कर की.” सगळे सभागृह हसले.

श्रीहर्ष हसला नाही. पेटा डोक्यावर ठेवून तो समोर बघत बसला होता. माझा उजेड त्याच्या खांद्यावरून जात होता.

शेवटचा प्रसंग संपला आणि चित्र तिथेच तुटले. नावे आलीच नाहीत. ज्यांनी गच्ची दिली, ज्यांनी जेवण रांधले, ज्यांनी बोलणे शिकवले, त्यांची नावे शेवटी येणार होती. चोराला त्यांचा काही उपयोग नव्हता. पद्मावती अक्का अजून भिंतीकडे बघत होत्या.

“हर्षा, तुझं नाव कधी येतं रे?”

“ह्यात नाही येत, आई. कापलंय.”

“कापलं? कोणी?”

तेवढ्यात दिवे लागले. अण्णा श्रीहर्षजवळ गेले आणि काय झाले म्हणून हळूच विचारू लागले. आपलंच पिच्चर ना, असे त्यांनी दोनदा म्हटले.

“आपलंच आहे, अण्णा,” श्रीहर्ष म्हणाला. “म्हणूनच तर टाळं लावायला कोर्टात गेलो होतो.”

त्याचा आवाज चढला नव्हता, तरी मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू गेले. यशोवर्धनने माझी वायर काढली. मी विझलो. त्या क्षणी विझणे मला फार बरे वाटले. अजून आठवते आणि अजून लाज वाटते.

रविवारी सकाळी अण्णा थिएटरच्या दारात जाऊन उभे राहिले. ओळखीच्या प्रत्येकाला त्यांनी फोन केला. लोक नम्रपणे म्हणाले, काल बघितलं की, अण्णा. काही जण आले, शरमेने आले, पण खुर्च्या भरल्या नाहीत. शुक्रवारी तिथे दुसरा चित्रपट लागला. बेळगावचे पुढे काही झाले नाही. श्रीहर्ष आता लग्नांचे व्हिडिओ काढतो, असे मी ऐकतो. तो सभागृहात येत नाही.

त्या दिवसाविषयी इथे कोणी बोलत नाही. चित्र वाकडे होते, आवाज फाटत होता, ते प्रोजेक्टर जुना झाल्यामुळे, असे मात्र बोलतात. म्हणून नवा प्रोजेक्टर आला आणि मी पिशवीत गेलो. मला त्याचे वाईट वाटत नाही. शरमिंद्या माणसांना कुणावर तरी बोट ठेवायला हवे असते, आणि मी त्या चोरीत होतोच.

या वर्षीच्या चंपाषष्ठीआधी अण्णांनी समितीत सांगितले की ‘स्वल्प थांब’ची खरी प्रत लावायची, शेवटच्या नावापर्यंत. श्रीहर्षची परवानगी मागायची, तो सांगेल ते करायचे. फोन यशोवर्धनने करावा, असे ठरले. सगळे गेल्यावर तो एकटाच कपाटाजवळ खुर्ची ओढून बसला. मी वरून, पिशवीच्या फटीतून बघत होतो. त्याने फोनमध्ये श्रीहर्षचे नाव शोधून काढले. अंगठा त्यावर नेला आणि मागे घेतला. पुन्हा नेला. मग फोन खिशात घालून तो दिवे बंद करून निघून गेला. दुसऱ्या दिवशीही तो आला आणि तसाच गेला.

मित्रांनो, मला पुसा, मला जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. कोर्ट वेबसाइट बंद करते, कायदा शिक्षा सांगतो, आणि पलीकडच्या गल्लीत दुकान उघडे असते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी एवढेच मागतो. कुणाचे गाणे, कुणाचा चित्रपट चारचौघांत लावण्याआधी ज्याचा आहे त्याला फोन करा. तो घरचा असेल तर आधी करा. तो फोन दोन मिनिटांचा असतो. नंतरचा फोन यशोवर्धनला अजून लावता आलेला नाही.